गाडी सुरू व्हायला का-कू करतेय? आधी कान द्या, मग पाना घ्या

चावी फिरवली की एका झटक्यात सुरू होणारी गाडी दोन-तीनदा सेल्फ मारायला लावू लागली, तर ते दुखणं अंगावर काढू नका. आठ-पंधरा दिवस गाडी सांगत असते, आपण लक्ष देत नाही, आणि मग नेमकी मुलांच्या शाळेच्या वेळेला ती बसते. अशा वेळी सगळ्यात आधी सल्ला मिळतो तो बॅटरी बदलण्याचा. मीही तो ऐकला होता. नवी बॅटरी टाकली, आठवडाभर बरं चाललं आणि पुन्हा तेच. शेवटी दोष निघाला बॅटरीकडून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत. बोल्ट सैल झाला होता आणि त्याच्याखाली गंज धरला होता. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून परत आवळायला दहा मिनिटं लागली. तेव्हापासून मी कोणताही पार्ट बदलण्याआधी गाडीचा आवाज ऐकतो.

आवाज ओळखा

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला आणा, एसी, दिवे आणि म्युझिक बंद करा. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून शेजारी उभे राहा. बेल्ट आणि पंख्यापासून हात, ओढणी, उपरण्याची टोकं लांब ठेवा. आता जे ऐकू येईल त्यावरून पुढची दिशा ठरते.

इंजिन जड पावलांनी, रेंगाळत फिरतंय किंवा नुसतं कट-कट-कट होतंय, तर दोष विजेच्या वाटेवर आहे. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क बघायचा. एकच ठणठणीत ‘टक्’ आवाज आला, डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले नाहीत आणि पुढे काहीच नाही, तर सेल्फची मोटर किंवा तिचा सोलेनॉइड (मोटरला वीज जोडून देणारा स्विच) तपासायला इलेक्ट्रिशियनकडे जा. ते घरी उघडण्याचं काम नाही.

सेल्फ जड फिरत असेल तर

चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर उतरलेली. पण हा आकडा एकटा पुरेसा नाही. सेल्फ मारतानाही मीटर लावून ठेवा. त्या वेळी आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीत ताकद उरलेली नाही. गाडी सुरू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी नीट चार्ज करत नाही, आणि नवी बॅटरीही तशीच उतरेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. तिच्यावरची खरेदीची तारीख बघा.

मग टर्मिनल. त्यांच्यावर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर आधी काळी, म्हणजे निगेटिव्हची वायर सोडा, नंतर लाल. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. हातमोजे घाला, ती पूड आम्लाची असते.

आता ती तपासणी, जी मी तेव्हा केली असती तर नव्या बॅटरीचे पैसे वाचले असते. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, दुसरी इंजिनच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ राहायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब आहे, बॅटरी कितीही नवी असो.

सेल्फ जोरात, पण गाडी पेट घेत नाही

सेल्फ न मारता चावी फक्त ‘ऑन’ला आणा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पेट्रोल पंप. आता चावी बंद करून पुन्हा ऑन करा, असं दोन-तीनदा, आणि मग सेल्फ मारा. या वेळी गाडी झटक्यात उठली, तर रात्रीतून लाइनमधलं प्रेशर उतरतंय. पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी काहीतरी आहे. ही माहिती मेकॅनिकला सांगितली तर त्याचा बराच वेळ वाचतो.

सीएनजीवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. आपण मात्र पेट्रोलचा काटा वर्षभर रिझर्व्हवर ठेवतो. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यानेच गार राहतो. टाकी रिकामी ठेवली की तो तापतो, तळाचा गाळ ओढतो. शिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला पटकन पेटणारा भाग उडून जातो, आणि थंड इंजिनला तर तोच हवा असतो. टाकी किमान पाव भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅसवर उत्तम धावणारी गाडी सकाळीच रडत असेल, तर मी पहिला संशय पेट्रोलच्या बाजूवर घेईन.

स्पार्क प्लग काढता येत असेल तर इंजिन गार असताना एकेक काढून टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर तो पेटतच नाहीये. साधे प्लग आणि इरिडियम प्लग यांच्या आयुष्यात खूप फरक असतो, गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. पावसाळ्यात उंदीर तिथे घर करतात आणि वायरी कुरतडतात.

गार असताना की तापल्यावर?

फक्त सकाळी त्रास होत असेल तर वरच्या गोष्टींबरोबर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सरही संशयित. तो इंजिन गरम असल्याचं सांगत राहिला, तर कॉम्प्युटर गार इंजिनला हवं तेवढं पेट्रोल देत नाही. उलट, घाट चढून चहाला थांबलात आणि नंतर गाडी सुरूच होईना, अर्ध्या तासाने मात्र आपोआप झाली, तर क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं फिरणं ओळखणारा सेन्सर तपासा. गॅरेजमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरला जोडतात त्या स्कॅनरवर पी०३३५ हा कोड त्याच्या सर्किटचा. पण कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका, आधी त्याची वायर आणि कनेक्टर बघा.

सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतला, म्हणजे इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवरचा कार्बन साफ करून घ्या. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडी चावी ओळखत नसेल; दुसरी चावी वापरून बघा.

डिझेलमध्ये ग्लो प्लगचा (गार इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) पिवळा दिवा विझल्यावरच सेल्फ मारा, आणि पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणी काढून घ्या.

काय करू नका

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळते. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नका. मॅन्युअल पेट्रोल गाडीलाही सारखा धक्का मारला तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात जातं, आणि तो महागाचा पार्ट आहे.

गॅरेजला जाताना चार ओळी लिहून न्या: गार की गरम, कितव्या सेल्फला सुरू होते, टाकीत पेट्रोल किती होतं, आदल्या रात्री पाऊस होता का. त्रास सकाळचाच असेल तर दुपारी गाडी दाखवून काही कळणार नाही, तोवर ती तापलेली असते. आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये उभी करा आणि मेकॅनिकला सांगा, उद्याचा पहिला सेल्फ तुम्हीच मारा.