पुस्तक स्वतः काढायचं की प्रकाशकाला द्यायचं?

मजकूर युनिकोडमध्ये टाइप झालाय, मुद्रितशोधन दुसऱ्याच्या डोळ्यांनी झालंय, असं धरून चालतो.

आधी वहीत विकत घेणाऱ्यांची नावं लिहा. फुकट घेणारे नातेवाईक वगळून. पन्नासवरच गाडी अडली तर पाचशे प्रती छापू नका.

मग प्रकाशकांना नमुना प्रकरणं पाठवा आणि सहा महिने विसरून जा.

आता खरी गोम. एक दिवस फोन येतो, "भाऊ, लेखन झकास आहे, फक्त थोडं सहकार्य करा." सहकार्य म्हणजे छपाईचा अख्खा खर्च. मी नागपूरच्या बर्डीवर चहाच्या टेबलावर चेकही दिला आणि सहीही ठोकली. करारात एकच ओळ होती : 'सर्व हक्क प्रकाशकाकडे'. किती प्रती छापणार, रॉयल्टी किती, कधीपर्यंत, काहीच नाही. मला पंचाहत्तर प्रती मिळाल्या. बाकीच्या छापल्या की नाही, देव जाणे.

कॉपीराइट कायद्याचं (१९५७) कलम १९ मी त्यानंतर वाचलं. हक्क लेखी आणि सहीनिशीच जातात. कोणते, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि मोबदला काय, हे करारात लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. ती पाच वर्षं मी हात चोळत काढली. म्हणून माझं ठाम मत : प्रकाशक स्वतःचा पैसा घालत असेल तर मुदत घालून हक्क द्या. पैसा तुमचा असेल तर हक्क, प्रती आणि छपाईची फाइल, तिन्ही तुमच्याच घरी. 'सहकार्य' हा शब्द ऐकला की चहा संपवा नि उठा.

स्वतः काढायचं ठरलं तर तीन प्रेसची कोटेशनं घ्या. फॉर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे संच, किती (बहुधा सोळा पानांचा एक), कागद किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम), हे लिहून मागा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला हात जोडा. प्रकाशक तुम्हीच, म्हणून १९५४ च्या कायद्यानुसार तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत ठरवून दिलेल्या आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवा. विक्रेत्याचं कमिशन आधीच किमतीत धरा.

बाइंडिंग शिलाईचंच सांगा. नुसत्या गोंदावरचे माझे दोन गठ्ठे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत राहिले. जूनमध्ये पुस्तक उघडलं तर पानं पत्त्यांसारखी हातात आली.