भुईमुगाच्या टरफलांनी पाण्यातील क्रोमियम काढण्याचा प्रयोग: मांडणी, मोजमाप आणि पडताळणी

शेतातील टाकाऊ पदार्थ वापरून पाण्यातील विषारी धातू काढणे हा रसायनशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांचा आवडता विषय आहे, आणि तो आवडता असण्याला कारणही आहे. साहित्य स्वस्त असते, साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम भागते आणि प्रश्न खराखुरा असतो. तमिळनाडूतील राणीपेट, उत्तर प्रदेशातील कानपूर परिसर आणि ओडिशातील सुकिंदा खोरे येथील लोकांच्या पाण्यात क्रोमियम उतरलेले आहे. मात्र या प्रकारच्या प्रयोगात एक गोष्ट सातत्याने निसटते. द्रावणाचा पिवळा रंग गेला म्हणजे क्रोमियम गेले, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात रंग जातो आणि क्रोमियम पाण्यातच राहते, असेही घडू शकते. म्हणून या लेखात प्रयोगाची कृती तर दिली आहेच, पण धातू खरोखर पाण्याबाहेर गेला की नाही हे कसे सिद्ध करावे, यावर अधिक भर दिला आहे.

आधी थोडे रसायन

पाण्यात क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत आढळते. सहा संयुजेचे, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम (यापुढे क्रोमियम-६), ऋणभारित क्रोमेट आयनाच्या रूपात असते, पाण्याबरोबर सहज वाहते आणि कर्करोगकारक आहे. तीन संयुजेचे क्रोमियम (क्रोमियम-३) धनभारित असते, त्याची विषारी शक्ती पुष्कळ कमी असते आणि उदासीन पाण्यात ते हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसते. आम्लधर्मी पाण्यात मात्र ते विरघळलेलेच राहते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मि.ग्रॅ. आहे. मानक एकूण क्रोमियमबद्दल बोलते, केवळ क्रोमियम-६ बद्दल नाही, हे प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

भुईमुगाच्या टरफलात सेल्युलोज आणि लिग्निन असते. सामू (पीएच) २ च्या आसपास टरफलाच्या पृष्ठभागावरील गट हायड्रोजन आयन धरून ठेवतात, पृष्ठभाग धनभारित होतो आणि ऋणभारित क्रोमेट त्याकडे ओढले जाते. हे झाले अधिशोषण. त्याच वेळी लिग्निनमधील फिनॉलिक गट इलेक्ट्रॉन देतात आणि क्रोमियम-६ चे क्षपण होऊन क्रोमियम-३ तयार होते. धनभारित पृष्ठभाग या धनभारित आयनाला धरून ठेवत नाही आणि त्याचा बराचसा भाग द्रावणात परततो. या दोन प्रक्रिया एकाच फ्लास्कमध्ये एकाच वेळी चालतात. त्यांना वेगळे करून मोजणे हेच या प्रयोगाचे खरे काम आहे.

टरफले तयार करणे

बुरशी न लागलेली टरफले निवडावीत. शेंगा जमिनीतून निघत असल्यामुळे टरफलांच्या खाचांत माती अडकलेली असते आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत लोह भरपूर असते. लोह पुढे रंगमापनात पिवळा रंग देऊन अडथळा आणते. त्यामुळे टरफले आधी नळाच्या पाण्याने चोळून धुवावीत, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये वारंवार भिजवून, धुतलेले पाणी रंगहीन येईपर्यंत धूत राहावे. नंतर ओव्हनमध्ये ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावीत.

दळण्याच्या वेळी एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मिक्सरचे पाते आणि भांडे स्टेनलेस स्टीलचे असते आणि स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतेच. शक्य असेल तर पोर्सेलिनच्या खलबत्त्यात कुटावे. मिक्सर वापरावाच लागला, तर त्या भुकटीतून आम्लात किती क्रोमियम उतरते ते स्वतंत्र तपासून घ्यावे. भुकटी ६० आणि १०० मेशच्या चाळण्यांमधून चाळून १५० ते २५० मायक्रॉन आकाराचा भाग घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा.

काचेची भांडी आणि द्रावणे

अनेक महाविद्यालयांत काचेची भांडी क्रोमिक ॲसिडने धुण्याची जुनी पद्धत अजून चालते. या प्रयोगासाठी ती पूर्णपणे टाळावी, कारण काचेला चिकटून राहिलेले क्रोमियम ब्लँक, म्हणजे क्रोमियम न घातलेल्या नमुन्याचे वाचन, बिघडवते आणि त्याचे कारण कित्येक दिवस सापडत नाही. भांडी दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवावीत आणि डिस्टिल्ड वॉटरने खळबळून घ्यावीत. शेवटचे पाणी भरपूर वापरावे.

पोटॅशियम डायक्रोमेट ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून २.८२९ ग्रॅम घ्यावे आणि एक लिटर द्रावण करावे. त्यात लिटरला १००० मि.ग्रॅ. क्रोमियम असते. हेच मूळ द्रावण. त्यातील ५० मि.लि. पुन्हा एक लिटर केले की ५० मि.ग्रॅ. संहतीचे प्रयोगाचे द्रावण मिळते. डायक्रोमेट तीव्र ऑक्सिडीकारक आणि कर्करोगकारक आहे. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालावा, भुकटी फ्यूमहूडमध्ये वजन करावी आणि पिपेट तोंडाने कधीही ओढू नये.

मापनासाठी डायफिनाइलकार्बझाइड लागते. त्याचे २५० मि.ग्रॅ. ५० मि.लि. ॲसिटोनमध्ये विरघळवून तपकिरी बाटलीत थंड ठेवावे आणि द्रावणाला रंग चढू लागला की टाकून नवे करावे. गंधकाम्लाने आम्लधर्मी केलेल्या नमुन्यात ते घातल्यावर क्रोमियम-६ जांभळट लाल रंग देते. पाच ते दहा मिनिटांनी ५४० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स घ्यावा. कॅलिब्रेशनचा आलेख ०.१ ते १.० मि.ग्रॅ. प्रति लिटर या पट्ट्यात काढावा. ५० मि.ग्रॅ.चे द्रावण किमान पन्नास पट विरळ केल्याशिवाय या पट्ट्यात बसत नाही आणि शंभर पट विरळ केल्यावर वाचनातली ०.०१ मि.ग्रॅ.ची चूक मूळ नमुन्यात १ मि.ग्रॅ. होते. म्हणून विरळ करण्यासाठी अंदाजे मापाचा सिलिंडर न वापरता पिपेट आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कच वापरावेत आणि प्रत्येक नमुना तीनदा मोजावा.

मुख्य प्रयोग

१०० मि.लि.च्या कोनिकल फ्लास्कमध्ये ५० मि.लि. द्रावण घ्यावे, विरल गंधकाम्लाने सामू २ करावा, ०.१ ग्रॅम भुकटी घालावी आणि शेकरवर मिनिटाला १५० फेऱ्यांनी, २५ अंश सेल्सिअसला हलवत ठेवावे. प्रत्येक वेळेसाठी स्वतंत्र फ्लास्क ठेवणे चांगले. एकाच फ्लास्कमधून पुन्हापुन्हा नमुना काढला की द्रावण आणि भुकटी यांचे प्रमाण बदलत जाते. सुरुवातीला ५, १०, २०, ४०, ६०, ९०, १२० आणि १८० मिनिटे आणि शेवटी २४ तास अशा वेळा घ्याव्यात. २४ तासांचा फ्लास्क वगळू नये. अधिशोषण बऱ्याचदा पहिल्या दोन तासांत स्थिरावल्यासारखे दिसते, पण क्षपण सावकाश चालूच असते आणि ते या शेवटच्या फ्लास्कमध्येच पकडता येते.

गाळण्यासाठी फिल्टर पेपर वापरल्यास पहिले १० मि.लि. गाळलेले द्रावण वेगळे काढून टाकावे, कारण कागद स्वतः थोडे क्रोमियम धरतो. सेंट्रिफ्यूज उपलब्ध असेल तर तोच वापरावा. प्रत्येक फ्लास्कचा शेवटचा सामू नोंदवावा. क्षपणाच्या अभिक्रियेत क्रोमियमच्या एका आयनामागे सात हायड्रोजन आयन खर्च होतात. टरफलातील सेंद्रिय भागाच्या ऑक्सिडीकरणातून त्यांतले काही परत मिळतात, तरी हिशेब एकंदरीत खर्चाचाच राहतो. सामू ३ किंवा ४ ला सुरू केलेल्या फ्लास्कमध्ये सामू स्पष्ट वाढलेला दिसला, तर क्षपण होत असल्याचा तो पहिला संकेत समजावा.

पडताळणी: जिथे बहुतेक अहवाल थांबतात, त्याच्या पुढे

मुख्य प्रयोगाबरोबर तीन कंट्रोल चालवावेत. पहिल्यात भुकटी न घालता केवळ क्रोमियमचे द्रावण तितकाच वेळ हलवावे. दुसऱ्यात क्रोमियम न घालता केवळ आम्लधर्मी पाणी आणि भुकटी ठेवावी. टरफलातून उतरणारा तपकिरी रंग ५४० नॅनोमीटरला किती वाचन देतो ते त्यातून कळते. तिसरा कंट्रोल सर्वांत बोलका असतो. दुसऱ्या फ्लास्कमधील पाणी गाळून घ्यावे आणि भुकटी काढून टाकलेल्या त्या पाण्यात क्रोमियम-६ मिसळून तासाभराने मोजावे. संहती कमी झाली, तर टरफलातून सुटलेले सेंद्रिय पदार्थच क्षपण करत आहेत, हे उघड होते. तिथे अधिशोषण होण्यासाठी पृष्ठभागच नसतो.

यानंतर एकूण क्रोमियम मोजणे अपरिहार्य आहे, कारण डायफिनाइलकार्बझाइड क्रोमियम-३ ला ओळखतच नाही. त्यासाठी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर ३५७.९ नॅनोमीटरला वापरावा. महाविद्यालयात तो नसेल तर विद्यापीठातील सुविधा किंवा आयआयटी मुंबईतील सैफसारखे मध्यवर्ती उपकरण केंद्र यांच्याकडे नमुने पाठवता येतात. एकूण क्रोमियमच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालून सामू २ च्या खाली ठेवावा. क्रोमियम-६ च्या नमुन्याला मात्र साठवण्यासाठी जास्तीचे आम्ल घालू नये, कारण आम्लात सेंद्रिय पदार्थांमुळे त्याचे क्षपण चालूच राहते. तो गाळल्यावर शक्यतो लगेच मोजावा. दोन्ही मोजमापांतला फरक म्हणजे द्रावणातील क्रोमियम-३.

या फरकाचे महत्त्व आकड्यांत पाहावे. समजा ५० मि.ग्रॅ.पासून सुरुवात करून शेवटी क्रोमियम-६ लिटरला २ मि.ग्रॅ. आणि एकूण क्रोमियम १७ मि.ग्रॅ. आले. केवळ रंगमापनावरून कोणी ९६ टक्के काढले असे लिहील आणि भुकटीची क्षमता ग्रॅममागे २४ मि.ग्रॅ. काढेल. क्षमतेचे सूत्र साधे आहे: संहतीतील घट गुणिले द्रावणाचे लिटरमधील आकारमान, भागिले भुकटीचे ग्रॅम. तेच सूत्र एकूण क्रोमियमवर लावले तर काढलेला वाटा ६६ टक्के आणि क्षमता ग्रॅममागे १६.५ मि.ग्रॅ. येते. शिवाय उरलेले १७ मि.ग्रॅ. हे मानकाच्या ३४० पट आहेत, हे अहवालात टक्क्यांच्या शेजारीच लिहिले पाहिजे. टक्केवारी मोठी दिसते म्हणून पाणी पिण्यायोग्य होत नाही.

शेवटची पडताळणी भुकटीची. वापरलेली भुकटी धुऊन, वाळवून, नायट्रिक ॲसिडमध्ये पचवून तिच्यातील क्रोमियम मोजावे. ५० मि.लि. द्रावणात सुरुवातीला २.५ मि.ग्रॅ. क्रोमियम होते. द्रावणात उरलेले आणि भुकटीत सापडलेले मिळून त्याच्या जवळपास आले पाहिजे. बेरीज खूप कमी भरली, तर गाळण्यात, भांड्यांच्या काचेवर किंवा मोजमापात कुठेतरी गळती आहे आणि ती सापडेपर्यंत पुढचे आलेख काढू नयेत.

आलेखांविषयी

द्रावणातील संहती आणि अधिशोषित मात्रा यांचा संबंध सांगणारी लँगम्युअर आणि फ्रॉइंडलिश ही समीकरणे पाठ्यपुस्तकांत आहेतच. संहती १० ते २०० मि.ग्रॅ. ठेवून त्यांचे बिंदू मिळवावेत. वेगाच्या आलेखाबाबत मात्र सावध करावेसे वाटते. वेळ भागिले अधिशोषित मात्रा विरुद्ध वेळ असा सरळ रेषेचा आलेख काढला की वेळ दोन्ही अक्षांवर येतो आणि स्थिरावलेल्या अवस्थेतील बिंदू जास्त असले की रेषा जवळजवळ नेहमीच उत्तम जुळते. त्यावरून रासायनिक अधिशोषण सिद्ध झाले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. पहिल्या अर्ध्या तासातील बिंदू वाढवावेत आणि मूळ वक्र समीकरणच संगणकावर जुळवावे.

डिस्टिल्ड वॉटरमधील निकाल मिळाल्यावर एकदा तरी खऱ्या पाण्यावर प्रयोग करावा. दख्खनच्या बेसॉल्टमधील विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. सामू २ ला आणताना ते बरेच आम्ल खाते, आणि पाण्यातील सल्फेट क्रोमेटशी जागेसाठी स्पर्धा करते. ज्या ज्ञात प्रमाणात क्रोमियम त्या पाण्यात मिसळले तितके मोजमापात परत मिळते का, हेही भुकटी घालण्याआधी तपासावे.

कचऱ्याची विल्हेवाट

क्रोमियमचे उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. सगळी द्रावणे एका भांड्यात जमा करावीत, सामू २ ते ३ ठेवून फ्यूमहूडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट घालावे आणि पिवळी छटा जाऊन हिरवट रंग आला की डायफिनाइलकार्बझाइडने क्रोमियम-६ उरले नाही याची खात्री करावी. मग चुन्याने सामू ८.५ ते ९ पर्यंत वाढवल्यावर क्रोमियम हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ खाली बसतो. वरचे पाणी एकूण क्रोमियमसाठी तपासूनच सोडावे. वापरलेली टरफले खतात टाकू नयेत आणि जाळूही नयेत, कारण राखेतील अल्कलींच्या सान्निध्यात तापवल्यावर क्रोमियम-३ चे पुन्हा क्रोमियम-६ होऊ शकते. गाळ आणि टरफले वेगवेगळ्या बंद डब्यांत ठेवून, डब्यांवर क्रोमियमचे नाव, अंदाजे प्रमाण आणि तारीख लिहून, घातक कचरा स्वीकारण्याची परवानगी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या केंद्राकडे महाविद्यालयामार्फत सोपवावीत.