जुनी इटालियन रोड सायकल घरी पुन्हा उभी करताना या चुका टाळा

जुनी इटालियन रोड सायकल हाती आली की पहिल्याच संध्याकाळी ती पूर्ण सुटी करावीशी वाटते, आणि भरून न येणारे बहुतेक नुकसान त्याच संध्याकाळी होते. झिजलेली चेन बदलता येते, ब्रेकचे रबर बदलता येतात. पण फ्रेममधले बिघडलेले आटे, थिनरने पुसली गेलेली मूळ अक्षरे किंवा वाळूच्या माऱ्याने पातळ झालेली नळी परत मिळत नाही. म्हणून ज्या चुकांना दुरुस्ती नाही त्यांच्याविषयी येथे सविस्तर लिहिले आहे आणि बाकीच्या थोडक्यात सांगितल्या आहेत.

फ्रेम न तपासता खोलायला घेणे

सायकल सुटी करण्याआधी ती धुवावी, कोरडी करावी आणि चांगल्या उजेडात तासभर नुसती पाहावी. समोरून कधी धडक बसली असेल तर तिची खूण डाउन ट्यूबच्या (हँडलकडून पॅडलकडे तिरकी उतरणारी नळी) खालच्या बाजूला, हेड ट्यूबपासून (हँडलखालची आखूड नळी) थोड्या अंतरावर सापडते. तिथे रंगाला आडवी बारीक चीर असते किंवा बोट फिरवताना हलकासा उंचवटा लागतो. कोलंबस एसएल या प्रसिद्ध नळ्यांची जाडी टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मध्ये फक्त ०.६ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले की अशा उंचवट्याकडे दुर्लक्ष का करू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा एक्सल बसतो ती खाच) दोरा नेऊन हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधावा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालची उभी नळी) दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली नाहीत तर फ्रेम वाकडी आहे. हे रंगकामानंतर कळले तर सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

क्रँक (पॅडलचे दांडे) काढल्यावर त्यांचीही अशीच तपासणी करावी. कँपान्योलो या इटालियन कंपनीचे जुने रेकॉर्ड आणि नुओव्हो रेकॉर्ड क्रँक ज्या ठिकाणी दांडा आणि चेनरिंगचे (पुढचे दातेरी चक्र) हात एकत्र येतात त्या कोपऱ्यात तडकतात, हे या सायकलींवर काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तिथली मळी पूर्ण काढून बॅटरीचा झोत तिरका टाकावा. कापडाने पुसून न जाणारी आणि नखाला अडकणारी काळी रेघ दिसली, तर तो क्रँक कितीही सुंदर असला तरी सायकलीवर पुन्हा बसवू नये. जुन्या ॲल्युमिनियमच्या हँडलला आणि ते धरून ठेवणाऱ्या स्टेमलाही हाच नियम लावावा.

उजवा कप उलट दिशेने फिरवणे

इटालियन सायकलीवर होणारी सर्वांत महागडी चूक हीच आहे. बहुतेक सायकलींचे बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा एक्सल फिरतो तो भाग) इंग्रजी मापाचे असते. त्यात शेलची (फ्रेमची आडवी नळी) रुंदी ६८ मिलिमीटर असते आणि उजव्या बाजूच्या कपाला (शेलमध्ये आट्यांनी बसणारी वाटी) डावे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. इटालियन शेल ७० मिलिमीटर रुंद असते, आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे आणि इंचाला २४ असतात, आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवेच असतात. त्यामुळे इटालियन सायकलीचा उजवा कप इतर कोणत्याही नटाप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने सुटतो. सवयीने किंवा जुन्या माहितीच्या भरवशावर तो उलटा फिरवला, तर आपण आधीच घट्ट बसलेला कप आणखी कसत राहतो.

माझ्या पहिल्या इटालियन फ्रेमच्या बाबतीत नेमके हेच झाले. फ्रेम दुरुस्तीच्या दुकानात दिली होती. तिथल्या कारागिराने पान्याला लांब पाइप लावून कप चुकीच्या दिशेने इतका कसला की शेवटी पाना निसटला, कपाच्या कडा गोल झाल्या आणि शेलच्या कडेचा रंग करवतीने कापावा तसा निघाला. तो कप बाहेर काढायला पुढे तीन आठवडे लागले. त्या दिवशी कॅलिपरने शेलची रुंदी मोजायला अर्धा मिनिट पुरला असता. माप घेऊनही शंका राहिली, तर कपावर कोरलेले आकडे पुसून वाचावेत. कँपान्योलोच्या कपांवर आट्यांचे माप स्पष्ट कोरलेले असते.

हे आटे जपण्याचे आणखी एक कारण आहे. इंग्रजी शेलचे आटे गेले, तर ते इटालियन मापाला वाढवून कापता येतात, कारण इंग्रजी माप सुमारे ३४.८ मिलिमीटर म्हणजे इटालियनपेक्षा लहान आहे. इटालियन शेलचे आटे गेले तर पुढे वाढवायला असे प्रचलित मोठे माप नाही. म्हणून नवीन कप बसवताना आधी आटे ब्रशने स्वच्छ करावेत, कप हाताने निदान तीन-चार फेरे सहज जाईल याची खात्री करावी आणि मगच पाना लावावा. दोन्ही बाजूंचे उजवे आटे ही या रचनेची एक उणीवही आहे: पॅडल मारताना उजवा कप हळूहळू सैल होण्याकडे झुकतो. त्यामुळे तो नुसत्या ग्रीसवर सोडून देऊ नये. तो भरपूर कसावा आणि आट्यांना पकडून ठेवणारे द्रव लावावे.

याच ठिकाणी आणखी एक घोटाळा होतो. एक्सल खराब निघाला म्हणून हाताशी असलेला जपानी बनावटीचा चौकोनी एक्सल लावला, तर इटालियन क्रँक त्यावर सुमारे ४.५ मिलिमीटर बाहेर राहतो, कारण दोन्हींच्या निमुळत्या टोकांचे माप वेगळे आहे. क्रँक घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण चेनची रेषा बिघडते. छर्रे मात्र सोपे आहेत: सुटे छर्रे असलेल्या रेकॉर्ड बॉटम ब्रॅकेटमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे बसतात.

अडकलेल्या सीटपोस्टवर बळ वापरणे

पोलादी नळीत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट ग्रीसशिवाय वर्षानुवर्षे राहिली की ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियमचा पांढरा भुकटीसारखा थर दोघांमध्ये पाचरीसारखा बसतो. स्टेमच्या बाबतीतही हेच घडते. अशी सीटपोस्ट हातोड्याने ठोकणे किंवा सीटला धरून फ्रेम पिळणे यामुळे नळी किंवा तिचा जोड कायमचा मुरगळतो.

बॉटम ब्रॅकेट काढून फ्रेम उलटी करावी आणि गंज सोडवणारे तेल सीट ट्यूबमध्ये खालच्या बाजूनेही सोडावे. हे दररोज करत आठवडाभर वाट पाहावी. बरेच जण घाईने नळी तापवतात. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते, त्यामुळे गरम असताना ओढल्यास पकड उलट वाढते. पोस्ट थंड केल्यावर आकसते, आणि ओढण्याची वेळ तीच असते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो हे खरे आहे, पण तो त्वचा व डोळे जाळतो, हायड्रोजन वायू सोडतो आणि रंगही खातो. म्हणून मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करायचा तो अगदी शेवटचा उपाय आहे.

पोस्ट निघाली की नवीन पोस्ट घेताना अंदाज चालत नाही. एसएल नळ्यांच्या फ्रेमला सहसा २७.२ मिलिमीटरची आणि जाड एसपी नळ्यांच्या फ्रेमला २७.० मिलिमीटरची पोस्ट लागते. दोन दशांश मिलिमीटर लहान पोस्ट घालून बोल्ट आवळत राहिले की सीट लगचे (सीटजवळ नळ्या जोडणारी बाही) कान एकमेकांकडे वाकतात आणि पुढे तडकतात. कित्येक सुंदर फ्रेमचे कान मी असे वाकलेले पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण हे नुकसान केवळ चुकीच्या मापामुळे झालेले असते.

रंग आणि क्रोम ‘नवीन’ करण्याची घाई

मूळ रंग फिका पडलेला असला तरी तो ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रेमवरची अक्षरे पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोनने क्षणात विरघळतात. म्हणून कोणताही द्रव आधी बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून पाहावा. साबणाचे कोमट पाणी आणि त्यानंतर सौम्य पॉलिश एवढ्यानेच बहुतेक फ्रेम उजळतात. वाळूचा मारा पातळ नळ्यांना सोसत नाही, आणि पावडर कोटिंगचा जाड थर लगच्या कोरीव कडा बुजवतो व आट्यांमध्ये जाऊन बसतो. अनेक इटालियन फ्रेमच्या चिमट्याला, लगना किंवा उजव्या चेनस्टेला (चेनच्या बाजूची मागची आडवी नळी) रंगाखाली क्रोम केलेले असते, त्यामुळे सँडपेपर हातात घेण्याआधी त्याखाली काय आहे हे पाहावे.

रंगाचा ठिपका लावणे आवश्यकच असेल, तर छटा छायाचित्रावरून जुळवू नये. १८८५ साली मिलानमध्ये सुरू झालेल्या बियांकी कंपनीचा प्रसिद्ध सेलेस्ते रंगसुद्धा प्रत्येक काळात सारखा नव्हता. कधी तो हिरवट होता, कधी निळसर. जुळवणी आपल्याच फ्रेमच्या अशा भागाशी करावी ज्याला ऊन लागलेले नाही.

क्रोमवरच्या गंजासाठी ॲल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि तपकिरी ठिपके दोन-तीन मिनिटांत करड्या पाण्याबरोबर निघून येतात. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र गंजाबरोबर क्रोमही खाते. कँपान्योलोच्या ॲल्युमिनियम भागांवरही जोरात पॉलिश करू नये. त्यांच्यावर ॲनोडाइझचा संरक्षक थर असतो, आणि क्रँक किंवा स्टेमवर कारागिराने कोरलेली नावे घासून बोथट झाली की ती पुन्हा कोरता येत नाहीत.

मापे ‘जवळपास सारखी’ समजणे

सिनेल्लीच्या जुन्या हँडलचा मधला भाग २६.४ मिलिमीटर असतो, तर इतर अनेक इटालियन हँडलचा २६.० मिलिमीटर. मोठ्या स्टेममध्ये लहान हँडल कसून बसवले तर खड्ड्यात ते अचानक फिरते. मागच्या ड्रॉपआउटमधले अंतर पाच गिअरच्या काळात १२० मिलिमीटर आणि सहा-सात गिअरच्या काळात १२६ मिलिमीटर होते. आजचे १३० मिलिमीटरचे चाक हाताने ताणून रोज घालत राहणे योग्य नाही. कँपान्योलोच्या जुन्या लिव्हरमध्ये गिअर केबलचे डोके इतरांपेक्षा किंचित लहान असते, आणि मोठे डोके दाबून बसवले तर ते परत निघत नाही. रेकॉर्डच्या पुढच्या हबमध्ये ७/३२ इंची छर्रे असतात, नेहमीचे ३/१६ इंची नव्हेत. रेजिना कंपनीच्या दोन खाचांच्या फ्रीव्हीलसाठी (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) नेमका बसणारा पुलर, म्हणजे तो काढायचे हत्यार, घ्यावा आणि तो क्विक रिलीजने दाबून धरल्याशिवाय जोर लावू नये, नाहीतर खाचा तुटतात आणि फ्रीव्हील चाकावर कायमचे राहते.

मूळ भाग फेकून देणे हीदेखील चूकच आहे. टस्कनीतल्या गायोले इन कियांती या गावातून १९९७ पासून निघणाऱ्या एरोइका फेरीत १९८७ पूर्वीच्या सायकली चालतात. त्यांना डाउन ट्यूबवरचे गिअर लिव्हर, बाहेरून जाणाऱ्या ब्रेक केबल आणि पट्ट्यांची पॅडल अपेक्षित असतात. ज्यांना तिथे जायचे नाही त्यांनीही काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून डब्यात ठेवावा.

चिकटवायच्या टायरमध्ये हलगर्जी

जुन्या इटालियन चाकांना बहुधा ट्यूब्युलर रिम असते, तिला साध्या टायरची कड अडकवायची जागाच नसते. नवीन टायर जुन्या वाळलेल्या गोंदावर दाबून त्याच दिवशी निघणे धोक्याचे आहे, कारण वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. टायर आधी गोंदाशिवाय रिमवर चढवून, हवा भरून एक-दोन दिवस ताणू द्यावा. मग रिमवर आणि टायरच्या पट्टीवर पातळ थर देऊन वाळवावेत, शेवटचा थर ओलसर असताना टायर चढवावा आणि रात्रभर तसाच ठेवावा. हवा काढून अंगठ्यांनी टायर बाजूला ढकलल्यावर पट्टी कुठेही उचलली जाता कामा नये.

जोडणीनंतर उरणाऱ्या तक्रारी

हँडल सरळ असताना अडकल्यासारखे होत असेल, तर हेडसेटच्या (हँडल फिरवणारे बेअरिंग) वाटीत छर्र्यांनी खळगे पाडलेले असतात. पिंजऱ्यातले छर्रे काढून त्याच मापाचे सुटे छर्रे वेगळ्या संख्येने घातले की ते जुन्या खळग्यांत एकाच वेळी बसत नाहीत आणि हेडसेट पुष्कळदा आणखी काही वर्षे चालतो. चढावर गिअर आपोआप उतरत असेल, तर डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हात लावण्याआधी डाउन ट्यूबवरच्या लिव्हरचा स्क्रू थोडा आवळून पाहावा. या लिव्हरमध्ये गिअर घर्षणानेच टिकतो.

सर्वांत चिवट तक्रार म्हणजे पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारा ‘टक्’ असा आवाज. आधी सीटवरून उठून पॅडल मारावे. आवाज थांबला तर तो सीटपोस्टचा किंवा सीटच्या पकडीचा असतो. थांबला नाही तर पॅडल काढून त्यांच्या आट्यांना ग्रीस लावावे. हे करताना डाव्या पॅडलला डावे आटे असतात हे विसरू नये. मग चेनरिंगचे बोल्ट आणि क्रँकचे बोल्ट पाहावेत. सैल क्रँक चालवत राहिले तर त्याचे मऊ चौकोनी भोक मोठे होते. एवढे करूनही आवाज राहिला, तर क्रँक काढून उजव्या कपावर पाना लावावा. इटालियन शेलमध्ये तो कप अनेकदा पाव फेरा सैल झालेला आढळतो. तो पूर्ण बाहेर काढून, आटे कोरडे पुसून, पकड धरणाऱ्या द्रवासह पुन्हा कसावा आणि द्रव वाळेपर्यंत एक दिवस सायकल उभी ठेवावी.