अपार्टमेंटमध्ये गांजाचा वास आला, पोलीस आले, पंच व्हायला बोलावलं: काय करायचं

वास आला की आधी वही काढा. तारीख, वेळ, मजला, वास कुणाला आला. ‘पोरं गांजा ओढत होती’ असं लिहू नका. ‘रात्री साडेअकरा, तिसऱ्या मजल्याचा जिना, उग्र वास, 302 चं दार बंद’ एवढं पुरे. मी नोकरीभर कोर्टात साक्षी टाइप केल्या आणि आता बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या अपार्टमेंटची सेक्रेटरी आहे. बघितलं नाही ते लिहिलेल्या माणसाची उलटतपासणीत काय दशा होते, ते मला ठाऊक आहे.

कॅमेऱ्याचं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. तेवढा भाग पेनड्राइव्हवर काढून ठेवा. पोलिसांनी लेखी मागितलं की पोच घेऊन द्या. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, ते साहेबांकडून समजून घेऊनच सही करा. बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र काही टाकू नका. पोरांचे फोटो तर नकोच. अब्रुनुकसानीची केस कमिटीवर येते, ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्यांवर नाही.

भाडेकरूच्या खोलीची झडती कमिटीला घेता येत नाही. वॉचमनला पोरांच्या बॅगा उघडायला लावणं, पाणी-लाइट तोडणं, बाहेरून कुलूप घालणं, यातलं काहीही केलंत तर गुन्हा तुमच्याच नावावर लागेल. कोल्हापूरचे पाहुणे हमखास सांगतात, “उपनिबंधकांकडे तक्रार करा.” ती महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायटीची वाट. आपल्याकडे 1972 चा कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा आणि आपल्या असोसिएशनचे बायलॉज. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा, 1985 चा, हा मात्र केंद्राचा. शिनोळीच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे कलमं तीच.

कळवायचं तर जवळचं पोलीस ठाणं, नाहीतर सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं सीईएन ठाणं. नाव सांगायची भीती वाटत असेल तर 1933, ही केंद्राची ‘मानस’ हेल्पलाइन. मारामारी चालली असेल तर 112.

फ्लॅटमालक पुण्यात नाहीतर बेंगळुरात असतो आणि त्याला फक्त भाड्याशी मतलब. त्याला स्पीड पोस्टानं, रजिस्ट्रेशनसह, पत्र पाठवा. एनडीपीएसच्या कलम 25 खाली, जागेत असला धंदा चालतो हे ठाऊक असून जो चालू देतो तोही शिक्षेला पात्र. पत्र हातात पडल्यावर ‘मला काय माहीत’ म्हणायची सोय उरत नाही. आमचे एक मालक तोवर फोनसुद्धा उचलत नव्हते. पत्र पोचल्यावर त्याच रविवारी गाडी घेऊन हजर.

आता पोलीस दारात आले तर. वॉचमननं गेट अडवायचं नाही, पण साहेबांचं नाव, ठाणं आणि वेळ वहीत घ्यायची. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात अधिकार असलेला अधिकारी, म्हणजे शिपायाच्या वरचा, मिळालेली खबर लिहून काढून वॉरंटशिवाय घरात झडती घेऊ शकतो. रात्री वॉरंटशिवाय यायचं तर वॉरंटसाठी थांबलो तर माल किंवा माणूस हाती लागणार नाही असं का वाटतं, ते त्याला आधी लिहून काढावं लागतं. त्याची प्रत 72 तासांत वरिष्ठांकडे जाते. दारात उभं राहून यावर वाद घालू नका, वेळ तेवढी नीट टिपा. वकील पुढचं बघतील.

अंगझडती घ्यायची असेल तर ‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या’ असं म्हणायचा हक्क कलम 50 देतं, आणि तो हक्क आहे हे पोलिसांनीच सांगायचं असतं. बाईची झडती बाईच घेणार. अटक झाली तर कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये स्पष्ट केलंय. आपल्या भागात ही गोष्ट लहान नाही. पोरगा खानापूरचा, मराठी शाळेत शिकलेला आणि हातात कानडी कागद, असं होऊ नये.

आईबापांसाठी एक. पोराला व्यसन लागलेलं असेल, आरोप नुसता ओढण्याचा किंवा थोडक्या मालाचा असेल आणि पोरगं आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल, तर कलम 64-अ त्याला खटल्यापासून सूट देतं. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालय, काही लांब नाही. हे पहिल्याच दिवशी वकिलाला विचारा.

आणि पंच. बिल्डिंगमध्ये झडती म्हटलं की शेजारच्या दोघांना हाक येते आणि सगळ्यांची दारं पटापट लागतात. लेखी आदेश देऊन बोलावलं आणि सबळ कारण नसताना नकार दिला तर तो गुन्हा आहे. तेव्हा जा, पण डोळे उघडे ठेवून जा. जुलै 2024 पासून झडतीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे, यादी करताना आणि सह्या घेतानासुद्धा. ते चालू आहे का बघा.

वजन तुमच्यासमोर होऊ द्या. काट्यावरचा आकडा स्वतः वाचा आणि वजन पिशवीसकट की पिशवी वजा करून, ते विचारा. गांजा 1 किलोपेक्षा कमी असेल तर शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्ष. त्याच्या वर गेला की 10 वर्षांपर्यंत आणि व्यावसायिक प्रमाण, म्हणजे 20 किलोपेक्षा जास्त, धरलं की कमीत कमी 10. काठावरच्या मालात प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्यांनीसुद्धा फरक पडतो. पाकीट शिवून लाखेची मोहोर लागेपर्यंत उठू नका. चिठ्ठीवर सही करण्याआधी तिच्यावरचा आकडा परत बघा.

पंचनामा कानडीत असणार. वाचता येत नसेल तर सरळ म्हणा, “साहेब, वाचून दाखवा, मराठीत सांगा, मग सही करतो.” यात उद्धटपणा काही नाही. बहुतेक अधिकारी सांगतात. सहीजवळ ‘मजकूर मराठीत समजावून सांगितला’ असं आपल्या हातानं लिहा. कोऱ्या कागदावर सही नाही, ‘नंतर भरतो’ म्हटलं तरी नाही. जप्तीच्या यादीची प्रत घरातल्या माणसाला मिळायला हवी, तीही तुमच्यासमोर द्यायला सांगा.

घरी आल्यावर त्याच रात्री काय काय बघितलं ते आपल्या वहीत उतरवा. समन्स कधी कधी तीन-चार वर्षांनी येतं. तोवर तो पोरगा, तो फ्लॅट, ते साहेब सगळे बदललेले असतात. साक्षीला जाण्याआधी ते वाचा आणि जे आठवत नाही त्याला ‘आठवत नाही’ म्हणा. “मला घरून बोलावून सही घेतली, बाकी काही माहीत नाही” हे वाक्य मी इतक्या पंचांच्या तोंडून टाइप केलंय की हाताला पाठ झालं होतं.