एका मोबाईलवर दोन लेकरांची शाळा: बंद घरातला दिवस असा लावा

मार्च 2021 मधलं हे लिखाण. कोरोनामुळं परत लॉकडाऊन लागलाय. परभणी, नांदेड, बीड, सगळीकडं एकाच आठवड्यात, आणि परत व्हॉट्सॲपवर ते रंगीत वेळापत्रकाचे फोटो फिरायलेत. सहाला योगा, सातला पौष्टिक नाष्टा, आठला वाचन, नऊला क्राफ्ट. ज्यानं कुणी हे बनवलंय त्याच्या नळाला रोज पाणी येत असणार आणि लेकरं बहुतेक मामाच्या गावाला असणार. वर्षभर हेच चालू आहे आमच्या घरी, त्यामुळं मी माझ्यापुरतं सांगते, पटलं तर घ्या.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एक खाली आणि एक वर गच्चीला लागून, पत्र्याची. थोरली सहावीत. 27 जानेवारीला पाचवी ते आठवीच्या शाळा उघडल्या तेव्हा दप्तर धुऊन-बिऊन गेली, नवी वही सुरू केली आणि परत घरी बसली. धाकटा पहिलीत आहे पण त्यानं पहिलीचा वर्ग आतून अजून बघितलेलाच नाही, त्याच्यासाठी शाळा म्हणजे मोबाईलमधल्या मॅडम. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याच जवळ असतात. नवरा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीवर हिशोब बघतो आणि घरातला एकुलता एक टचचा फोन त्याचा, माझा बटनांचा. मोंढा बंद असला तरी शेतकऱ्यांचे फोन बंद होत नाहीत, भाव काय, माल कधी आणू, विकलेल्या मालाची पट्टी कधी मिळणार. तर एवढ्यात सगळं बसवायचंय.

पहिलं म्हणजे घड्याळ सोडा

लेकरांचा दिवस घड्याळावर लावू नका, घरातल्या न हलणाऱ्या गोष्टींवर लावा. आमच्याकडं न हलणाऱ्या गोष्टी तीन: नळ, ऊन आणि शाळेची लिंक. नळाचा दिवस असला की त्या सकाळी अभ्यास नाही, सगळी भांडी भरून होईपर्यंत कुणीही पुस्तक उघडायचं नाही, लेकरांनीसुद्धा तांबे-कळशा उचलायच्या. बारानंतर पत्र्याखाली बसवत नाही, आत्ता मार्चमध्येच अंगाची लाही व्हायलीय, मे महिन्यात 42-43 होतं तेव्हा तर बोलायलाच नको. म्हणून जे काय डोक्याचं काम असेल ते अकराच्या आत. राहिलेल्या दिवसाला जसा येईल तसा येऊ द्या.

जागा

खालच्या खोलीत, दाराच्या उजेडात, पाठ भिंतीला लावून. टेबल नसेल तर पाटावर डबा उपडा घाला, फोन त्याला टेकवून ठेवा. कूलरसमोर बसवू नका. कूलरचा आवाज माइकमधून सगळ्या वर्गाला जातो आणि मग मॅडम सारखं म्हणतात, "कुणाच्या घरी गिरणी चालू आहे, म्यूट करा." साधा वायरचा इअरफोन आणा, तारेवर माइक असलेला. आत्ता दुकानं बंद आहेत तर शेजारी मागा, कुणाच्यातरी ड्रॉवरमध्ये पडलेला असतोच.

फोनची तयारी

रात्रीच चार्ज. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद, नाहीतर शाळेच्या ग्रुपवरचे "शुभ सकाळ" चे व्हिडिओच रोजचं दीड जीबी नेट खाऊन टाकतात. बाकी तुम्हाला माहीत आहे.

दोघांचे तास एकाच वेळी आले तर

येतातच. शाळा एकमेकींना विचारून वेळ ठरवत नाहीत. इथं बरेच लोक फोन अर्धा-अर्धा तास वाटून देतात, ते अजिबात करू नका, दोघांनाही काही कळत नाही आणि भांडणं वेगळी.

माझं स्पष्ट मत आहे, पहिली-दुसरीच्या लेकराला ऑनलाइन तास लागतच नाही. चाळीस लेकरं एकदम "मॅडम मॅडम" करायलेत, कुणाची आई मागून उत्तर सांगायलीय, कुणाचं कुत्रं दिसायलंय, त्यात सहा वर्षांचं लेकरू काय शिकणार? तास थोरलीला द्या. धाकट्याला बालभारतीचं पुस्तक द्या आणि आजीजवळ बसवा. पुस्तक नसेल तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत, कुणाकडून तरी चार पानं छापून घ्या. आमच्या आत्याबाईंना वाचता येत नाही आणि तेच कामी आलं, कारण धाकटा एखादा शब्द खाऊन पुढं गेला की त्या म्हणतात, "आरं पण मग त्या कोल्ह्याचं काय झालं, नीट सांग की." त्याला परत वाचावंच लागतं. मॅडमना एक मेसेज टाकून ठेवा की घरात फोन एकच आहे, तास बुडेल, अभ्यास पाठवते. बहुतेक मॅडम समजून घेतात, त्यांच्याही घरी हेच चालू असतं. गेल्या जुलैत, 2020 ला, टीव्हीवर सह्याद्री वाहिनीला टिलीमिली ही अभ्यासाची मालिका सुरू झाली होती पहिली ते आठवीची, ते चालू होतं तेव्हा तर धाकट्याचं सगळंच टीव्हीवर भागलं. तसं काही लागलं की पहिला नंबर त्याचा, फोन नंतर.

फोन परत घेणं

आता खरं काम. फोन द्यायचं कुणीही सांगतं, तास संपल्यावर तो हातातून परत कसा घ्यायचा हे कुणी सांगत नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास इथंच झाला. तास संपतो साडेनऊला, फोन हातात येतो साडेअकराला, आणि मधल्या दोन तासांत यूट्यूब, कुणाच्या तरी भावानं पाठवलेला गेम, नवऱ्याचे बुडालेले फोन, आणि शेवटी घरात रडारड. दीड जीबीपण तिथंच संपतं आणि दुपारी अभ्यासाचा फोटो जात नाही.

सल्ले देणारे म्हणतात लेकराशी संवाद साधा, चार्ट लावा, स्टार चिकटवा. स्टार चिकटवून झाले आमचे. लेकराला स्टार नको असतो, फोन पाहिजे असतो. आणि सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "अभ्यास केलास तर अर्धा तास मोबाईल देईन." एकदा हे बोललात की संपलं, मग भात खायलासुद्धा मोबाईल, अंघोळीलासुद्धा मोबाईल. फोन बक्षीस म्हणून कधीच द्यायचा नाही. तो घरातली एक वस्तू आहे, विळीसारखी, काम झालं की जागेवर.

तर मी काय करते ते सांगते.

फोन देतानाच पुढचं काम सांगून ठेवायचं. "तास झाला की मला दे" असं नाही. "तास झाला की बाबाला जिंतूरच्या शेतकऱ्याला फोन लावायचाय" असं. आईला फोन द्यायचा म्हणजे लेकराला वाटतं की हिसकावून घेतला, बाबाच्या कामाला द्यायचा म्हणजे फोनला खरंच काम आहे असं वाटतं. पण हे खोटं सांगायचं नाही. बाबानं खरंच फोन घ्यायचा आणि खरंच लावायचा, तेवढ्यासाठी मी नवऱ्याला सकाळचे सगळे फोन तासानंतरच करायला लावले. आधी कुरकुर केली, आता सवय झाली.

दुसरं, तास संपायच्या आधी तिथं जाऊन बसायचं. संपल्यावर नाही, आधी. लसूण सोलायला घ्या, भाजी निवडा, पण लेकराच्या शेजारी बसा. मॅडम "बाय बाय" म्हणतात त्या वेळी तुमचा हात जवळ पाहिजे. त्या बायबायनंतरचं पहिलं मिनिट गेलं की गेलं, मग बोट यूट्यूबवर गेलेलं असतं आणि अर्धवट व्हिडिओ बंद करणं हे लेकराच्या दृष्टीनं तोंडातला घास काढण्याइतकं मोठं पाप आहे. झूमवर असाल तर आणखी एक. फुकटातली मीटिंग 40 मिनिटांनी आपोआप तुटते, आणि लेकरू तुम्हाला सांगतं, "मॅडम परत लिंक टाकणारेत, थांब." कधी खरंच टाकतात, कधी नाही. तेव्हा लिंकची वाट बघायची ती तुम्ही, फोन तुमच्या हातात ठेवून. लेकरानं नाही.

तिसरं, ॲप पिन करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या सिक्युरिटीत स्क्रीन पिनिंग किंवा ॲप पिनिंग म्हणून असतं, ते चालू करायचं आणि बाहेर पडताना पासवर्ड मागेल असं ठेवायचं. मग तासाचं ॲप सोडून लेकराला दुसरीकडं जाता येत नाही. पासवर्ड कुणाचा वाढदिवस ठेवू नका, पहिला तोच टाकून बघतात.

चौथं, हात रिकामे ठेवू नका. फोन सुटला त्या क्षणाला दुसरं काहीतरी हातात पाहिजे आणि ते तयार पाहिजे, "आता चित्र काढ" म्हणून भागत नाही. मी तासाच्या शेवटी शेवटी सुशीला, म्हणजे भिजवलेले चुरमुरे, फोडणीला टाकते, वास गेला की अर्धं काम झालं. नाहीतर शेंगांचं टोपलं. शेंगा फोडायला लेकरं कंटाळत नाहीत, निम्म्या खातात, खाऊ द्या. चिक्कीला तेवढ्या कमी पडतात, एवढंच.

रडणार हे धरूनच चाला. पहिले काही दिवस धाकटा असा रडायचा की शेजारच्या काकू कठड्यावरून विचारायच्या, "काय गं, मारलीस काय लेकराला?" मारायचं नाही, ओरडायचंही नाही आणि फोन परत द्यायचाही नाही. तिन्ही एकदम सांभाळणं अवघड आहे, मला कबूल आहे. पण एकदा जरी रडण्याला दिलात तर पुढच्या वेळी त्याच्या दुप्पट रडतं, हिशोब करतंय ते.

आणि खरी फट लेकराकडं नसते, आजीकडं असते. आपण घट्ट राहतो आणि दुसऱ्या खोलीत आत्याबाई म्हणतात, "घे रे माझ्या सोन्या, दोन मिनिटं बघ." त्यांना दोष देत नाही, नातू रडताना कुणाला बघवतं? त्यांना समजावून काही होत नाही, त्यांना काम द्यावं लागतं. आता आमच्याकडं तास संपल्यावर धाकट्याला सागरगोटे शिकवायचं खातं त्यांच्याकडं आहे, आणि त्या हरत नाहीत हे बघून तो इरेला पडलाय.

थोरलीचं वेगळं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीला पिन-बिन लावून उपयोग नाही, ती तुमच्या आधी शिकते. तिच्यासाठी एकच नियम, फोन खालच्या खोलीत वापरायचा, वरच्या पत्र्याच्या खोलीत नाही, न्हाणीत नाही. मैत्रिणींशी बोलायचं तर बोल, सगळ्यांसमोर बोल. तिचे मेसेज उघडून वाचत बसू नका. वर्षभर मैत्रिणींना भेटली नाही ती, तिलाही कुणीतरी पाहिजे.

अभ्यासाचे फोटो

दुपारी सगळी पानं एकदम, उंबऱ्यात उजेडात. रोज एक-एक पाठवू नका, मॅडमचाही जीव जातो.

दुपार

झोपा. दारं लावा, जमिनीवर पाणी शिंपडा, फरशी पुसून तशीच ओली ठेवा आणि सगळ्यांनी आडवं व्हा. दुपारी क्राफ्ट करायला लावणारी माणसं मराठवाड्यातली नाहीत.

वाळवण लेकरांबरोबर

कुरडयांचे दिवस आहेत आणि लेकरं घरातच आहेत, तर लावा कामाला, पण सगळ्या कामाला नाही. गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं, हे धाकट्याकडं द्या, वास येतो म्हणून नाक धरून करतो पण विसरत नाही. चीक शिजवताना मात्र दोघांनाही चुलीपासून लांब ठेवा, गरम चीक अंगावर उडाला तर हाताला चिकटून बसतो, पटकन निघत नाही. सोऱ्या मोठ्या माणसानंच फिरवायचा. लेकरांचं काम वाटीतला चीक खायचा, तेल-तिखट घालून किंवा दूध-साखर घालून, आणि गच्चीवर कावळे हाकलायचे. सकाळी लवकर घाला, दहानंतर गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही.

घरात कुणी पॉझिटिव्ह आलं तर

शाळा-बिळा सगळं बाजूला. फोन त्या माणसाच्या उशाशी, चार्जरसकट, आणि घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे की डॉक्टरचा नंबर कुठं लिहिलाय. आम्ही तो कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, कारण फोन बंद पडला तर नंबर फोनमध्येच राहतो. तेवढ्या दिवसांचे तास बुडाले तर बुडाले. सहावीचे अपूर्णांक कुठं पळून जात नाहीत.

रात्र

रोजचं नेट रात्री बाराला परत भरतं, हे तुम्हाला माहीत नसेल पण तुमच्या लेकरांना माहीत आहे. चार्जर आत्याबाईंच्या खाटेजवळच्या सॉकेटला लावा. त्यांची झोप हलकी आहे.