मोबाइलवरील गुप्त ब्राउझिंग बंद कसे करावे

आमच्या पार्ल्याच्या इमारतीतले एक काका मध्यंतरी फोन घेऊन आले. विजेचे बिल भरून झाले होते, पावतीही समोर दिसत होती, पण तिचा स्क्रीनशॉट काही केल्या निघेना. शिवाय ब्राउझर उघडला की दर वेळी ग्राहक क्रमांक आणि पासवर्ड नव्याने टाकावा लागे. फोन बिघडला अशी त्यांची खात्री झाली होती. प्रत्यक्षात पत्त्याच्या पट्टीजवळ टोपी आणि चष्म्याचे छोटेसे चिन्ह होते, म्हणजेच क्रोम हा ब्राउझर गुप्त मोडमध्ये, ज्याला सर्रास इन्कॉग्निटो म्हटले जाते त्यात, चालू होता. या मोडमध्ये टॅब बंद झाले की पाहिलेल्या पानांचा इतिहास आणि लॉगिन फोनमध्ये राहत नाही. अँड्रॉइडवर क्रोमच्या चिन्हावर बोट जरा जास्त वेळ टेकले की जी छोटी यादी उघडते, तीत नव्या गुप्त टॅबचा पर्याय असतो आणि घाईत तो सहज दाबला जातो.

आधी आपण खरोखर गुप्त मोडमध्ये आहोत का, हे पाहावे. केवळ पडदा काळा दिसतो म्हणून तसे समजू नये, कारण फोनची डार्क थीम चालू असली तरी क्रोम काळेच दिसते. टोपी-चष्म्याचे चिन्ह हीच खात्रीची खूण. अँड्रॉइडवरील क्रोम गुप्त टॅबचा स्क्रीनशॉट सहसा घेऊ देत नाही, ही दुसरी खूण.

आता मुख्य मुद्दा. या मोडला वीजदिव्यासारखे चालू-बंदचे एक बटण असेल असे समजून अनेक जण सेटिंग्ज धुंडाळत बसतात. क्रोममध्ये तसे बटणच नाही. शेवटचा गुप्त टॅब बंद झाला की तो मोड संपतो. होमचे बटण दाबल्याने किंवा पडदा कुलूपबंद केल्याने टॅब बंद होत नाहीत.

टॅब बंद करण्यापूर्वी अर्धवट भरलेला अर्ज पूर्ण करावा आणि पुन्हा लागणारे पान बुकमार्क करावे, कारण बंद केलेला गुप्त टॅब इतिहासात सापडत नाही. बुकमार्क आणि उतरवून घेतलेल्या फाइली मात्र फोनमध्ये राहतात, याचीही नोंद घ्यावी. त्यानंतर पत्त्याच्या पट्टीशेजारी आकडा असलेला जो लहान चौकोन दिसतो, त्यावर बोट ठेवावे. उघडलेले सर्व टॅब समोर येतात आणि वरच्या बाजूला साध्या व गुप्त टॅबचे वेगवेगळे विभाग दिसतात. गुप्त विभागातील प्रत्येक टॅबच्या कोपऱ्यातली फुली दाबत जावे. शेवटचा टॅब गेला की क्रोम आपोआप साध्या टॅबकडे परतते. नुसते साध्या विभागात गेल्याने काम होत नाही, गुप्त टॅब मागे उघडेच राहतात. अँड्रॉइडवर याहून सोपा मार्ग आहे: पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढावे आणि सूचनांमध्ये दिसणारी सर्व गुप्त टॅब बंद करण्याची सूचना दाबावी.

सॅमसंगच्या ब्राउझरमध्ये हाच प्रकार सीक्रेट मोड या नावाने येतो आणि तो बंद करण्याचा पर्याय टॅबच्या पडद्यावर मिळतो. फायरफॉक्समध्ये मुखवट्याचे चिन्ह असते. तेथे खासगी टॅब बंद करूनही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत्येक लिंक पुन्हा खासगी टॅबमध्येच उघडत असेल, तर सेटिंग्जमधील खासगी ब्राउझिंगच्या भागात लिंक तशा उघडण्याचा पर्याय चालू राहिलेला असतो. तो बंद करावा.

आयफोनवरील सफारी या ब्राउझरमध्ये टॅब दाखवणारे बटण दाबावे. आयओएस १७ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ‘प्रायव्हेट’च्या शेजारी साध्या टॅबची संख्या दिसते, तिकडे सरकले की आपण बाहेर पडतो. आयओएस १५ व १६ मध्ये त्याच ठिकाणी ‘प्रायव्हेट’ या शब्दावर बोट ठेवून उघडणाऱ्या यादीतून साधे टॅब निवडावे लागतात. सफारीतही बाहेर पडणे आणि टॅब बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून खासगी टॅब आधी फुलीने बंद करावेत.

गूगल मॅप्सचा गुप्त मोड ब्राउझरपेक्षा वेगळा असतो आणि तो बहुधा विसरला जातो. तो चालू असेपर्यंत घरच्यांना पाठवलेले आपले ठिकाण पुढे सरकत नाही. चर्चगेटहून निघालेला माणूस अंधेरी ओलांडून गेला, तरी घरी कळत नाही. वरच्या कोपऱ्यातील चिन्ह दाबून तेथूनच तो बंद करता येतो.

मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनवर ब्राउझरमधला हा मोड मुळातच नको असेल, तर अँड्रॉइडवर फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या गूगलच्या अ‍ॅपने देखरेखीखाली घेतलेल्या मुलाच्या खात्याला क्रोममध्ये गुप्त टॅब मिळत नाही. आयफोनवर सेटिंग्जमधल्या स्क्रीन टाइम या भागातील वेब कंटेंटच्या निर्बंधांत प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांवर मर्यादा घातली की सफारीतील ‘प्रायव्हेट’ हा पर्यायच नाहीसा होतो. स्क्रीन टाइमचा पासकोड मात्र मुलांना ठाऊक नसलेला ठेवावा, नाहीतर हा खटाटोप दुपारपर्यंतही टिकत नाही.

शेवटी एकदा पडताळून पाहावे. नवा टॅब उघडून कोणतेही पान पाहावे आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतून इतिहास उघडावा. ते पान तेथे दिसले, तर आपण साध्या मोडमध्ये आहोत. काकांना साध्या टॅबमध्ये एकदा पुन्हा लॉगिन करावे लागले, पण पावतीचा स्क्रीनशॉट पहिल्याच प्रयत्नात निघाला.