पावसाळी ताप : डास आणि चिगर यांच्यात गफलत नको, या चुका टाळा

पोळ्याच्या सुमारास गावात कुणी फणफणला की ‘डेंग्यूच असंन’ म्हणतात. मग फॉगिंग मशीन गल्लीतून फिरते आणि सारे निर्धास्त होतात. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे, म्हणजे चिगर चावून येणाऱ्या तापाचे, बरेच रुग्ण निघाले, तरी ही सवय काही गेली नाही.

डेंग्यूचा एडिस डास घराला धरून राहतो, साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. स्क्रब टायफस देणारा चिगर तर कीटकही नाही, तो गोचिडाच्या गोतातला माइट. चावतं ते त्याचं पिल्लू, डोळ्यांना जेमतेम दिसणारं. मोठा झाला की तो मातीतच राहतो, माणसाच्या वाटेला जात नाही. धुऱ्यावरचं गवत, पडीक वावर, नाल्याकाठची उंदीर फिरणारी झुडपं, ही त्याची वस्ती. गल्लीतला धूर तिथं काय करणार? तो उडत्या डासांपुरता. पाण्यातल्या अळ्याही त्यानं मरत नाहीत.

कूलरचं पाणी नुसतं ओतून देऊ नका. एडिसची अंडी कडेला चिकटतात, कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. आठवड्यातून एकदा टाकी आणि रांजण घासूनच धुवा.

निंदणाला गेल्यावर गवतात बसून डबा खाणं, दुपट्टा गवतावर वाळत टाकणं थांबवा. घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे बदला. भिंतीला लागून कुटाराचा ढीग असेल तर हलवा; उंदीर तिथं येतात आणि त्यांच्या अंगावर चिगर.

सगळ्यात महागात पडते ती न पाहिलेली खपली. चिगर चावल्या जागी काळा डाग पडतो, विडीचा चटका बसल्यासारखा. तो दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. काखेत, जांघेत, नाडीखाली, बायांच्या छातीखाली. बाई संकोचते, डॉक्टर विचारत नाही. घरच्या बाईनं पाहावं किंवा आशाताईला दाखवावं. खपली सगळ्यांनाच येते असंही नाही, तेव्हा डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून घरी बसू नका. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिन चालतं, अमॉक्सिसिलिन नाही. उशीर झाला तर फुप्फुस आणि किडनीवर येतं. आणि डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

चिगर चावल्यावर ताप यायला 6 ते 21 दिवस लागू शकतात. डॉक्टरला मागच्या तीन आठवड्यांत कुठं गवत कापलं, कुठं निंदलं, ते आपणहून सांगा.